बैलाचे खूर पाहता, आपले पाय कधी पाहता?

बैल जरा लंगडू लागला की आपण काय करतो? औत सोडतो, खूर उचलून पाहतो, खडा अडकला असेल तर काढतो, पत्री झिजली असेल तर नवी ठोकून घेतो. आणि घरच्या बाईच्या टाचेतून रक्त आले तर? ‘होईल बरं’ म्हणून ती तशीच रानात जाते आणि घरचेही तिला जाऊ देतात. म्हणून आज पायांविषयीच चार गोष्टी तुमच्यापाशी बोलते.

आमचा मुलूख भाताचा. लावणीच्या दिवसांत सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पाय चिखलात. चार-पाच दिवस गेले की बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, सोलते, आग होते. याच त्या चिखल्या. माझ्या सासूबाई मेंदीचा पाला वाटून बेचक्यांत भरीत. कातडी निबर होते, असे त्या म्हणत. पण दुखण्याचे मूळ ओलाव्यात आहे. ओल्या बेचक्यात बुरशी वाढते. तेव्हा घरी आल्यावर पाय साबणाने धुवा आणि मग एकेक बेचके जुन्या सुती फडक्याने कोरडे करा. पायपुसण्यावर दोनदा पाय घासून हे काम होत नाही. क्लोट्रिमाझोल नावाचे मलम औषधाच्या दुकानात मिळते, ते दिवसातून दोनदा लावावे. खाज थांबली तरी पुढे दोन आठवडे सोडू नये. चार दिवसांत बरे वाटले म्हणून नळी फडताळात टाकली, की चिखल्या पुन्हा हजर! आणखी एक. स्टिरॉइड मिसळलेली मलमे खाज लगेच थांबवतात, पण आतून बुरशी पसरतच राहते. ती स्वतःच्या मनाने घेऊ नका.

चिखल्यांना किरकोळ समजू नका, कारण उललेल्या कातडीतून दुसरा रोग आत शिरतो. खाचरात उंदीर असतातच. त्यांच्या मुतातले जंतू पाण्यात मिसळतात आणि लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत हा ताप पसरला होता. पण भातवाल्यांच्या तो दर पावसाळ्यात उशालाच असतो. लावणीनंतर ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि ‘मी चिखलात काम करीत होते’ हे आपणहून सांगा. वेळेवर कळले तर यावर चांगली औषधे आहेत.

टाचांच्या भेगा थंडीत वाढतात. रात्री कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवून ठेवावेत, वजरीने हलक्या हाताने घासावेत, पुसून कोकमाचे तेल किंवा व्हॅसलिन चोळावे आणि जुने मोजे घालून निजावे. खर्च काहीच नाही. काही जण भेगेत चिकटवायचा गोंद भरतात, तर काही बिब्ब्याचा चटका देतात. गोंदाखाली घाण कोंडते आणि बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजून फोड उठतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कुरूपही पात्याने कोरू नये. कुरूप होते ते चप्पल रुतते तिथे. चप्पल बदलल्याशिवाय कुरूप जायचे नाही.

बाभळीचा काटा मोडला तर सुई उकळत्या पाण्यातून काढून घ्यावी, मग काटा काढावा. जखम साबणपाण्याने धुवावी. जखमेवर शेण किंवा माती कधीही लावू नये, धनुर्वाताचे जंतू तिथेच असतात. लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, किंवा कधी घेतली हेच आठवत नसेल, तर आरोग्य केंद्रात जाऊन घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुखणारा पाय निदान ओरडून सांगतो, भीती असते ती न दुखणाऱ्या पायाची. आमच्या आळीतले एक तात्या, साखरेचे दुखणे जुने. शेकोटीपाशी बसले असता निखारा अंगठ्याला लागला तरी त्यांना पत्ता नाही. करपल्याचा वास आला तेव्हा सुनेने पाहिले. जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. साखरेने पायाच्या नसा बधिर होतात, मग काटा, खडा, चटका काहीच कळत नाही. अशा माणसाने अनवाणी फिरू नये, गरम पाण्यात पाय घालण्याआधी दुसऱ्याला हात घालून पाहायला सांगावे आणि कुरुपाच्या पट्ट्या लावू नयेत. साखर नसतानाही पायावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. तो महारोग असू शकतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो.

तात्यांची नात आता रोज जेवणानंतर बॅटरी घेऊन त्यांचे दोन्ही तळवे आणि बेचके पाहते. दोन मिनिटांचे काम. तात्या कुरकुरतात, पण पाय पुढे करतात. मागच्याच महिन्यात तिला टाचेत रुतलेली चुकी सापडली. चपलेची चुकी वर आली होती, आणि तात्या दिवसभर तीच चप्पल घालून बांधावर हिंडत होते.