तोटी कुठे असावी?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने पंपावर लिहावे, आणि तेही बिअर गार करण्याच्या पंपावर, हे पाहून आमच्या प्राध्यापकांच्या भुवया उंचावतील. पण संयमाविषयी मला जे थोडेफार उमगले, ते एका पोलादी तोटीपाशी उमगले, त्याला माझा इलाज नाही.

माझे मामा अमेरिकेत, ओरेगॉन राज्यातील पोर्टलँड शहरी असतात. गेल्या सुट्टीत मी त्यांच्याकडे होतो. त्यांना घरी बिअर करण्याचा नाद आहे. आपल्याकडे विनापरवाना असे करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा ठरते. तिकडे १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्यापुरती मोकळीक मिळाली. मी त्यातले काही घेत नाही. आजोबा, म्हणजे मामांचेच वडील, दारूपायी गेले. आमच्या घरात त्यांचे नाव निघाले की आई विषय बदलते. मामांचा हा नाद म्हणूनच मला कोड्यासारखा वाटे.

माल्टचा गोड रस हॉप्स घालून तासभर उकळतात. खरी परीक्षा पुढेच. एकोणीस लिटर कढत रस वीस अंशांच्या आसपास आणायचा, आणि तोही झटपट. यीस्ट कढत रसात मरते. रस कोमट राहिला तर नको ते जंतू आधी पंगतीला बसतात. बिअर नासते ती सूक्ष्मजीवांमुळे, हे पाश्चरने १८७६ च्या ग्रंथात मांडलेच आहे. म्हणून पंपाने हा रस धातूच्या पातळ पत्र्यांमधून नेतात. पत्र्याच्या एका बाजूने रस, दुसऱ्या बाजूने उलट दिशेने नळाचे थंड पाणी.

मामांनी तोटी माझ्या हाती दिली. पूर्ण उघडली की रस धावत सुटे आणि गरमच बाहेर पडे. फार आवळली की गार होई, पण पातेल्यात उरलेला रस तापत राही आणि मग बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येण्याची भीती. त्यांची दिवसभराची मेहनत माझ्या दोन बोटांत होती.

“मामा, पातेल्यापाशीही तोटी आहे. तीच आवळली तर?”

“ती सताड उघडी ठेवायची. येणारा रस अडवलास तर पंपाच्या तोंडाशी दाब कमी होतो. रस उकळीच्या बेतात असतो, त्याची तिथेच वाफ होते. मग पंप नुसता फिरतो, ओढत नाही. अडवायचं ते बाहेर पडताना.” थोडे थांबून ते म्हणाले, “बाबांचा विषय आपल्या घरात आत येण्याआधीच अडवला गेला. मी इथे त्यांच्याविषयी विचार करतो.”

एवढेच ते बोलले. काटा वीसवर स्थिर होता.

आपण बहुधा उलटे करतो. मुलांनी काय वाचावे, काय विचारावे, काय ऐकावे, इथे तोट्या घट्ट आवळतो; आणि जिभेला व लेखणीला मात्र तोटीच ठेवत नाही. मग मन रिकामेच घरघरत राहते.

परत आल्यावर मी आईला आजोबांविषयी विचारले. ती तासभर बोलली, मी ऐकले. त्यातले इथे काही लिहिलेले नाही.