कल्पेनीचा किनारा

सरकारी चाकरीत रजा पुष्कळ साठते. विश्रांती मात्र क्वचितच वाट्यास येते. कोचीहून निघालेल्या बोटीने आम्हांस लक्षद्वीपातील कल्पेनी बेटाजवळ आणले, तेव्हा आमची सेवानिवृत्ती तीन महिन्यांवर आली होती. बोट खोल पाण्यात थांबली आणि लहान होडीतून आम्ही उभयता किनाऱ्यावर उतरलो.

प्रवाळांच्या बांधाआड हिरवेनिळे पाणी निवांत पहुडले होते. नारळीच्या सावलीत, पांढऱ्याशुभ्र वाळूवर आम्ही पाय पसरले. ना टपाल, ना साहेबांची घंटी! शहाळे सोलून देणाऱ्या वृद्धाने मोडक्या हिंदीत सहज विचारले, "घर कोठे आपले?" आम्ही निरुत्तर झालो. कोकणातले घर वाटणीत गेले. सरकारी बंगला आता सोडावयाचा. वर्षभर हा विषय आम्ही दोघेही टाळीत आलो होतो.

दुपारी बेटाच्या पूर्व अंगास गेलो. १८४७ च्या वादळाने समुद्रातून उपसून टाकलेल्या प्रवाळखंडांची प्रचंड रास तेथे अद्याप आहे. मुळापासून उखडलेले ते तुकडे जेथे पडले, तेथलाच किनारा होऊन राहिले!

सौभाग्यवती बराच वेळ त्या राशीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, आपण भोपाळलाच घर पाहू या."

ज्या शहरात अकरा वर्षे आम्ही स्वतःस परके म्हणवून घेतले, त्याचे नाव त्यांच्या तोंडी प्रथमच माहेरच्यासारखे वाटले. होडीवाल्याने हाक दिली. आम्ही उठलो, खरी विश्रांती आता कोठे सुरू झाली होती.