मग गणित कशाला?

"गुरुजी, मला कला शाखेस जायचे आहे, मग गणित कशाला?" छाणीच्या आमच्या बिऱ्हाडी एका विद्यार्थ्याने विचारले आणि आम्ही वरमलो. हेच वाक्य एके काळी आम्ही अभिमानाने उच्चारले होते!

आम्हांस आठवले आमच्याच गोमंतकाचे दामोदर कोसंबी. वडील धर्मानंदांस सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊन विद्याव्यासंगास मोकळे केले होते. पुत्र अमूर्त भूमितीत रमला. १९४४ मध्ये त्याने जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र दिले, जे आनुवंशिक रोगांच्या शोधासही उपयोगी पडते. आणि प्राचीन नाणी तोलून, त्यांची झीज मोजून, इतिहासाचा कालक्रमही लावला.

त्या रात्री आम्ही मुलाशेजारी बसून उदाहरण सोडविले. आमचे चुकले, त्याचे बरोबर आले. लाज मात्र वाटली नाही.