पाव इंचाचा घोळ

गेला दीड महिना इकडे काही लिहिलं नाही. तब्येत ठणठणीत आहे, काळजी नसावी (पुण्याहून ताईचा फोन येऊन गेला, म्हणून आधीच सांगून टाकतो). घरात प्लंबर होता, एवढंच.

आमचं रत्नागिरीतलं घर १९८६ सालचं, जांभ्या चिऱ्याचं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी. पाटावर बसून भांडी घासायची, पाणी भिंतीतल्या भोकातून परसात केळीच्या बुंध्याशी जायचं. केळीला छान, पण गुडघ्यांना नाही. ही त्या पाटावर जवळजवळ चाळीस वर्षं बसली. मी तेव्हा ओसरीवर वह्या तपासत असे. "ओट्यावर सिंक करून घेऊया का?" असं तिनं दोन-तीनदा विचारलं होतं. "पुढच्या दिवाळीला बघू," हे माझं ठरलेलं उत्तर.

गेल्या वर्षी हिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली. मग मी पाटावर बसलो. आठव्या दिवशी माझी कंबर धरली, आणि मला दिवाळीची वाट बघायची गरज वाटेनाशी झाली. असो.

त्यातच मे महिन्यात धाकटा न्यूजर्सीहून आला तो एक नळ घेऊन. काय सांगू तुम्हाला! हंसाच्या मानेसारखा वळलेला, तोंड ओढलं की नळीसकट बाहेर येणारा. "आईसाठी," म्हणाला. आईचे डोळे भरून आले. मी खोक्यावरचं बारीक इंग्रजी वाचायचा प्रयत्न केला नि सोडून दिला. नळ आला म्हणजे निम्मं काम झालं, असं मी धरून चाललो. सगळा घोळ इथून सुरू झाला.

नळाला शोभेलसं सिंक आणायला मी एकटाच गेलो. चांगलं दहा इंच खोल आणलं. दुकानदारानं लोहचुंबक लावून दाखवला, चिकटला नाही, म्हणजे स्टील अस्सल म्हणे. नंतर कळलं की २०२ आणि ३०४ या दोन्ही जातींच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही. फरक असतो तो निकेलचा. ३०४ मध्ये ते साधारण आठ टक्के असतं, २०२ मध्ये त्याहून बरंच कमी, आणि उरलेलं मँगनीजवर भागवलेलं. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत २०२ वर लवकर ठिपके पडतात. तेव्हा चुंबकाच्या प्रयोगावर विसंबू नये, बिलावर ३०४ लिहून मागावं.

सिंक बघून ही काही बोलली नाही. एका स्टुलावर मोठं पातेलं ठेवलं, त्यात हात घालून उभी राहिली, मग लहान पातेलं ठेवलं. ओटा ३३ इंच उंच, ही चार फूट दहा इंच. दहा इंच खोल सिंकचा तळ जमिनीपासून २३ इंचांवर येणार, म्हणजे प्रत्येक वाटीसाठी वाकायचं. "भोकांची मापं घेतलीत, माझ्या हाताचं कुणी घ्यायचं?" एवढंच म्हणाली. आठ इंची सिंक बदलून आणलं. फरकाचे पैसे परत मिळाले नाहीत.

प्लंबर म्हणजे माझा जुना विद्यार्थी. व्याकरणात कच्चा होता, पण हाताला फार हुशार. त्यानं न्यूजर्सीचा नळ उलटसुलट केला आणि म्हणाला, "सर, ह्याच्या नळीचं तोंड आपल्या अँगल कॉकवर बसायचं नाय."

का बसत नाही? मी इतिहासही शिकवलेला, त्यामुळे स्वस्थ बसवेना. तर गोष्ट अशी. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली सगळ्या स्क्रूंचे आटे एकाच पद्धतीचे असावेत असं सुचवलं. त्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्सनं १८६४ मध्ये ६० अंशांचा कोन सुचवला आणि तिकडे तोच चालला. आपण इंग्रजांच्या आट्यांवर राहिलो, अजून आहोत. शिवाय तिकडच्या स्वयंपाकघरातल्या नळाच्या नळीचं टोक बहुधा आपल्या अर्ध्या इंचाहून लहान, तीन अष्टमांश इंची म्हणतात तसलं असतं.

आता 'अर्धा इंच' म्हणजे तरी काय? मी पट्टीनं मोजलं. १२.७ मिलिमीटर भरायला हवं, बाहेरून भरले २१! विद्यार्थी हसला. हे नाव जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलं, आट्यांच्या बाहेरच्या मापाशी त्याचा संबंध नाही. जन्मभर 'अर्थ संदर्भावरून लावावा' असं मुलांना सांगत आलो, आणि स्वतः पट्टी घेऊन बसलो.

धाकट्यानं फोनवरून जोड शोधला, मागवलाही. दोघांचे आटे जमले. नळ सोडला तर काय, करंगळीएवढी धार! तिकडे घरातल्या नळाला साधारण ४० ते ६० पौंड दाब असतो. आमच्याकडे शीळ धरणाचं पाणी येतं ते आधी गच्चीवरच्या टाकीत, आणि टाकी नळापासून आठ फूट वर. सव्वादोन-अडीच फुटांना एक पौंड, म्हणजे आमचा दाब साडेतीन पौंडांच्या आसपास. त्या हंसाच्या मानेतल्या बारीक नळ्यांतून एवढ्या दाबानं काय येणार? पंप बसवायचा पर्याय होता. ही म्हणाली, "भांडी घासायला पंप? वीज गेली की काय करायचं?" पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती असते ते तुम्हाला ठाऊक आहेच.

मग साधा, भिंतीतला, लांब फिरत्या तोंडाचा सिंक कॉक आणला. टाइलपासून आत गेलेले आटे गाठायला एक्स्टेंशन निपल लागला. नळाचं तोंड सिंकच्या काठापासून फूटभर वर ठेवलं, कळशी मावली पाहिजे म्हणून.

आता शेवटचा पाव इंच. सिंकच्या खालच्या जाळीला, म्हणजे वेस्ट कपलिंगला, दीड इंची शेपूट होतं. मी आणलेला पाइप सव्वा इंची, वॉशबेसिनचा. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेले असतात आणि दिसतात सख्ख्या भावांसारखे. मी गरम पाण्यात बुडवून ताणून बसवू म्हणालो. विद्यार्थी म्हणाला, "सर, आज बसेल, पण बांगड्याचे खवले अडकले की रात्री निघेल." रविवार होता, दुकान बंद. सोमवारी ३२ मिलिमीटरचा परत केला, ४० चा आणला. तोही मध्ये न लोंबता, उतारानं न्यावा लागतो, नाहीतर लोंबलेल्या भागात तेलकट गाळ साचतो. आणि खाली ट्रॅप हवा. वाकड्या नळीत थोडं पाणी कायम अडून राहतं, त्यामुळे वास आणि झुरळं वर येत नाहीत.

पुन्हा करायची वेळ आली (देव न करो), तर मी उलटीकडून सुरुवात करीन. आधी घासणाऱ्या माणसाला उभं करून उंची-खोली ठरवीन, मग भिंतीतला सांडपाण्याचा मार्ग बघीन, मग सिंक आणि त्याच्याच दुकानातून त्याची जाळी नि पाइप. नळ सगळ्यांत शेवटी. जुनी वस्तू बदलायची असेल तर ती सरळ पिशवीत घालून दुकानात न्यावी. तोंडी मापात माझ्यासारखा मास्तरही फसतो.

आता मुलाला कसं सांगायचं, हा प्रश्न उरला होता. मी दोनदा व्हिडिओ कॉल ओट्याच्या दुसऱ्या टोकाकडून केला. तिसऱ्यांदा त्यानं विचारलंच, "आई, नळ दाखव ना." मी घसा खाकरला. हिनं फोन माझ्या हातातून घेतला, सरळ साध्या नळावर धरला नि म्हणाली, "तुझा कपाटात ठेवलाय. टाकी उंच करू तेव्हा लावू. पण सिंक बघ, मी उभी आहे."

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "टाकी किती फूट उंच लागेल, बाबा?" मी हिशेब करतोय. तोवर पाइपाच्या सांध्यातून अधूनमधून एखादा थेंब पडतो, खाली वाटी ठेवली आहे. विद्यार्थी गुरुवारी येतो म्हणालाय.