परदेशी निधी आणि परभणीचे दप्तर

परभणी जिल्ह्यातील स्वयंसेवी संस्थांचे जमाखर्च तपासण्यात माझ्या व्यवसायाची बहुतेक वर्षे गेली असल्यामुळे, परदेशी पैशाविषयी लोकांत जे दोन ग्रह रूढ आहेत, की तो परोपकाराचा अखंड ओघ आहे किंवा कोणाच्या तरी गुप्त हेतूंचे साधन आहे, त्यांपैकी एकाचाही दप्तरातील नोंदींशी मेळ बसत नाही, हे मला प्रथम सांगितले पाहिजे. दप्तर पाहता या पैशाचे दोन मार्ग दिसतात, आणि ते परस्परांपासून अगदी भिन्न आहेत.

पहिला मार्ग सरकारी कर्जाचा. सत्तरच्या दशकात जायकवाडीच्या कालव्यांसाठी जागतिक बँकेचे कर्ज आले, तेव्हा तो व्यवहार सरकार आणि बँक यांच्यातच पुरा झाला. २००७ साली सुरू झालेल्या ‘तेजस्विनी’ कार्यक्रमात मात्र, रोमला मुख्य कचेरी असलेल्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचे कर्ज केंद्राकडून राज्याकडे, राज्याकडून १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाकडे, आणि तेथून सहयोगिनींच्या, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या महिला कार्यकर्त्यांच्या, पायपिटीच्या बळावर जिंतूर, पालम, सोनपेठ यांसारख्या तालुक्यांतील बचत गटांपर्यंत पोचावे, अशी योजना होती. या योजनेतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे लोकसंचालित साधन केंद्र: गटांनी आपला संघ उभारावा, गटांना हिशेबाची, प्रशिक्षणाची, बँकेच्या कर्जप्रकरणांची सेवा देऊन तिचे शुल्क घ्यावे, त्यातून आपल्या कर्मचाऱ्यांचा पगार भागवावा, आणि मुदत संपून मदत थांबली तरी संस्था उभी राहावी. परदेशी साहाय्याने स्वतःच्या निवृत्तीची तरतूद आरंभीच करून ठेवावी, हे मी फार थोड्या करारनाम्यांत पाहिले आहे.

दुसरा मार्ग देणग्यांचा, आणि तो आता अरुंद झाला आहे. परकीय अभिदायाच्या २०१०च्या कायद्यात सप्टेंबर २०२०मध्ये दुरुस्ती झाली. त्यान्वये एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसरीकडे सोपविण्यास मनाई झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि असा पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावा, असे बंधन आले. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि जागतिक बँक या कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याने पहिल्या मार्गाला त्याची झळ लागली नाही. परंतु पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेमार्फत ज्यांना थोडीफार रक्कम मिळे, अशा तालुक्याच्या ठिकाणच्या लहान संस्थांचा आधार एका कलमाने तुटला. सरकारची हिशेबाविषयीची काळजी मला मान्य आहे, किंबहुना ती माझ्या व्यवसायाचीच काळजी आहे. पण निर्दोष हिशेब मागायचा आणि तो लिहिणाऱ्या हिशेबनिसाचा पगार, कचेरीचे भाडे, लेखापरीक्षणाची फी हा सारा भार मात्र त्या आखडलेल्या मर्यादेत बसवायचा, ही विसंगती मला अतिशय खटकते, आणि परदेशी देणगीदारही येथे निर्दोष नाहीत, कारण शिबिरे, रोपे, शेळ्या यांसाठी सढळ हाताने देणाऱ्यांचा हात संस्थेच्या कायम खर्चाचे नाव निघताच आखडतो, असा माझा अनुभव त्या दुरुस्तीच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

यापेक्षाही गंभीर प्रश्न हिशेब कोणापुढे मांडला जातो हा आहे. तिमाही अहवाल इंग्रजीत तयार होऊन दूरच्या कचेरीकडे रवाना होतो, आणि ज्यांच्या नावाने खर्च पडला त्या गंगाखेडच्या किंवा मानवतच्या बायांना त्यातील एक आकडाही ठाऊक नसतो. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबलेखन या पंचसूत्रीने चालणाऱ्या बचत गटात मात्र प्रत्येकीची बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड सर्वांसमक्ष वाचून नोंदली जाते, आणि कोणाचा हप्ता थकला हे सर्वांना कळते. तेव्हा प्रत्येक करारनाम्यात दोन कलमे असावीत, असा माझा आग्रह आहे: हिशेबनीस व लेखापरीक्षण यांसाठी स्वतंत्र तरतूद, आणि दात्याकडे जाणारा जमाखर्च त्याच महिन्यात मराठीत गावसभेपुढे वाचण्याची सक्ती. पहिल्या कलमाला देणगीदारांकडून क्वचित मंजुरी मिळते. दुसऱ्याला हरकत बहुधा येथल्याच संस्थाचालकांकडून येते.