बाहेरचे किती, यापेक्षा मैदानं किती ते विचारा



"आयएसएलमध्ये सगळे परदेशी भरलेत, मग आपल्या पोरांना संधी कुठून मिळणार?" हा प्रश्न नेरळ-कर्जतकडे फुटबॉल बघणारे नेहमी विचारतात. प्रश्न खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा जर्मनीत सापडतो.

मी बुंडेसलिगा बरीच वर्षं बघतोय. कारण अगदी साधं. शनिवारचे बरेचसे सामने आपल्याकडे संध्याकाळी सात-आठला सुरू होतात, म्हणजे कर्जत लोकलने घरी येऊन जेवता जेवता बघता येतात. तिथे परदेशी खेळाडू काही आजचे नाहीत. कोरियाच्या चा बुम-कुनने 308 सामन्यांत 98 गोल केले, तेही 1980 च्या आसपासच्या काळात. आता हॅरी केन इंग्लंडचा. अल्फोन्सो डेव्हिस कॅनडाचा, त्याचा जन्म तर घानातल्या निर्वासित छावणीतला.

6 एप्रिल 2001 ला कॉटबस नावाच्या छोट्या क्लबने अकराच्या अकरा परदेशी मैदानात उतरवले. एकही जर्मन नाही! त्याच्या आदल्याच वर्षी युरो स्पर्धेत जर्मनी एकही सामना न जिंकता घरी परतली होती. आपल्याकडे असं झालं असतं तर पहिली मागणी काय आली असती, ते सांगायला नको.

त्यांनी वेगळंच केलं. क्लबांना मुलांसाठी अकादमी चालवणं सक्तीचं केलं. अकादमी नाही तर लीगमध्ये खेळायचा परवाना नाही. पुढे 2006-07 पासून युरोपबाहेरच्या खेळाडूंवरची मर्यादाच काढून टाकली. त्या बदल्यात संघात किमान 12 जर्मन खेळाडू हवेत आणि ठरावीक खेळाडू देशातच तयार झालेले हवेत, अशी अट घातली. म्हणजे दार उघडं ठेवलं आणि घरात चूलही पेटती ठेवली. 2014 ला विश्वचषक जिंकला तेव्हा संघातले म्युलर, गोट्झे हे असेच अकादमीत वाढलेले होते.

आता आपल्याकडे या. 2014 ला मुंबई सिटीकडून आनेल्का, ल्युंगबर्ग खेळले. मॅन्युएल फ्रीडरिख तर थेट डॉर्टमुंडमधून आला होता. 2016 ला फोर्लान आला. अशी माणसं आपल्या इतक्या जवळ खेळली, याचा मला तरी आनंदच आहे. पुढे 2021-22 पासून मैदानात एका वेळी पाचऐवजी चारच परदेशी, असा नियम झाला. ठीक. पण एक जागा मोकळी झाली म्हणून नेरळचा पोरगा आपोआप तिथे जाऊन बसतो का? त्या जागेपर्यंत जायला आधी रोज खेळायला मैदान लागतं.

आपल्याकडे पोरं खेळतात कधी? भात कापून झालं की मोकळ्या शेतात, मधले बांध चुकवत. पुन्हा पाऊस लागला की संपलं. त्यातली काही शेतंही आता प्लॉट झालीत. माझा भाचा बारा वर्षांचा आहे, डाव्या पायाने सुरेख मारतो. त्याला नीट कोचिंग द्यायचं तर लोकलने जाण्यायेण्यातच तीन तास जातात. शाळा, क्लास, अभ्यास सांभाळून हे किती दिवस जमणार? आणि ज्या घरात पासाचे पैसेही जड, तिथल्या पोराचं काय?

फोर्लानने त्याची जागा अडवलेली नाही. मैदानच नाही, त्याने अडवलीय.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत मी एकच विषय मांडणार आहे. मुलांच्या मैदानासाठी एक जागा ठरवून कागदावर राखीव करा. गोलपोस्टचं आपण वर्गणी काढून बघू. ज्यांना पटतंय त्यांनी नुसतं लाईक करू नका, सभेला या. हात वर करायला माणसं लागतात.