खात्री नसेल तर नाही म्हणा

निळ्या पडद्यावर एक राखाडी चौकट, चौकटीत प्रश्नांची लांबलचक रांग आणि प्रत्येक प्रश्नाच्या डाव्या अंगाला रिकामा कंस. ‘वाय’ दाबलं की कंसात चांदणी उमटते, ‘एन’ दाबलं की ती पुसली जाते. लिनक्सचं कर्नेल, म्हणजे यंत्र आणि बाकीचे प्रोग्राम यांच्या मधला तो गाभा, आपल्या मशिनपुरता बेतून घ्यायचा असेल तर या पडद्यासमोर बसावं लागतं. मेन्यूकॉन्फिग त्याचं नाव. प्रोसेसर कोणता? दशांश अपूर्णांकांचं गणित करणारा कोप्रोसेसर आहे का? स्कझी डिस्क आहे? टोकन रिंग? आर्कनेट? हौशी रेडिओवरून नेटवर्क चालवायचंय? अमिगा नावाच्या संगणकाच्या पद्धतीने विभागलेली डिस्क वाचायचीय? प्रत्येक प्रश्नाच्या पोटात मदतीचा मजकूर असतो आणि त्याच्या शेवटी पुन्हा पुन्हा तोच सल्ला भेटतो: खात्री नसेल तर नाही म्हणा.

मला हा पडदा मनापासून आवडतो. एरवी संगणक आपल्याला काही विचारत नाही. तो दुकानातून येतो तेव्हाच सगळं आत भरलेलं असतं. त्यातलं आपल्या कामाचं किती, हे ठरवायची वेळच येत नाही. इथे मात्र एकेका ओळीवर थांबून विचार करावा लागतो, आणि उत्तर पडद्यात नसतं. ते टेबलावर झाकण उघडून ठेवलेल्या खोक्यात असतं.

माझं खोकं ४८६ चं आहे. नव्वदच्या दशकात कराडच्या एका पतसंस्थेत ते फॉक्सप्रोवर ठेवींचा हिशेब करायचं आणि संध्याकाळी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर रोजकीर्द छापायचं. तो काळ सातारा आणि सांगली या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत संगणक काउंटरवर येण्याचा. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ ची, सांगली बँक १९१६ ची. खातेवहीवर वाढलेल्या या संस्था. पुढे २००६ मध्ये पहिली आयडीबीआयमध्ये गेली, २००७ मध्ये दुसरी आयसीआयसीआयमध्ये. पाट्या उतरल्या. पतसंस्थेतली मशिनंही बदलली आणि हे एक ओळखीतून माझ्याकडे सांगलीला आलं.

सांगलीत नदीकडच्या घरांतल्या वस्तूंची वाटणी आता पुराने करून ठेवली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. खालच्या मजल्यावरचं सगळं चिखलात गेलं, माळ्यावरचं राहिलं. ४८६ माळ्यावर होतं.

खाली उतरवून झाकण काढलं, तर बोर्डाच्या कोपऱ्यात बॅटरीभोवती हिरवट बुरशीसारखा थर. मिरजेला एक दुरुस्तीवाले अण्णा आहेत. रेडिओपासून सुरुवात केलेले, आता साठीच्या पुढचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बोर्ड उन्हात धरला.

“बॅटरी फुटलीय. निकेल-कॅडमियमची हाय. पाणी भायेर येतं न् तांब्याचे रस्ते खातं,” म्हणाले. “थांब, लिंबू आण.”

आतून पाझरलेला द्राव अल्कधर्मी, म्हणून लिंबाचा रस. जुन्या टूथब्रशने त्यांनी तो थर सावकाश घासून काढला, बोर्ड स्पिरिटने पुसला, बॅटरीच्या जागी पेन्सिल सेलचा होल्डर जोडून दिला. वीजपुरवठ्याचे दोन चपटे प्लग बोर्डात शेजारी शेजारी बसतात. ते उलटे बसले तर बोर्ड जळतो. अण्णांचं एकच वाक्य: “काळ्याला काळी वायर लागली पायजे, मधे. बाकी काय बघू नको.”

मग यादी केली. प्रोसेसर ४८६ एसएक्स, ३३ मेगाहर्ट्झ. मेमरी ८ एमबी. आयडीई डिस्क एक, १.४४ ची फ्लॉपी एक, प्रिंटरचा पोर्ट एक, आणि एनई२००० जातीचं नेटवर्क कार्ड, ज्याचा पत्ता जंपर हलवून ठरवायचा असतो. बस्स. साउंड कार्ड नाही, सीडी नाही, यूएसबी तर त्या वेळी जन्मलंच नव्हतं.

मिरजेत तंबोरा करणारी शिकलगार घराण्यांतली मंडळी आधी भोपळा निवडतात. तो पंढरपूरच्या बाजूने येतो. हाती आला तो भोपळा केवढा, त्याची साल किती जाड, यावर गळा आणि दांडीचं माप ठरतं; आधी वाद्य आखून मग त्यात भोपळा बसवत नाहीत. जुन्या मशिनसाठी कर्नेल करताना हाच क्रम पाळावा लागतो. खोक्यात जे आहे ते पक्कं. बाकी सगळं त्याच्या मापाने.

आणि कापायला भरपूर असतं. १९९१ च्या सप्टेंबरात लिनस टॉरवाल्ड्सने हेलसिंकीहून पहिली ०.०१ ही आवृत्ती सोडली तेव्हा लिनक्स साधारण दहा हजार ओळींचं होतं, आणि ते ३८६ वरच चालायचं, कारण त्याच्याकडे ३८६ होता. १९९४ मध्ये १.० आलं तेव्हा ओळी पावणेदोन लाखांच्या वर गेल्या होत्या. आज त्या ४ कोटींच्या घरात आहेत. जगात कुणाकडे काही नवं यंत्र आलं की त्याच्यासाठी कुणीतरी ओळी लिहिल्या आणि त्या आत आल्या. आर्कनेटला ‘नाही’ म्हणताना मला दर वेळी जाणवतं, की कुणीतरी रात्री जागून हे लिहिलेलं आहे आणि कुठल्यातरी कारखान्यात ते कार्ड अजून चालत असेल. माझ्या खोक्यात ते नाही, एवढ्यासाठीच हे ‘नाही’.

मी २.४ ही मालिका घेतली. ती २००१ ची, ८ एमबीत निभावणारी. आजचा कंपायलर ती बांधत नाही. तिला जीसीसी २.९५ लागतो. म्हणून लॅपटॉपवर एका आभासी मशिनमध्ये डेबियन या तयार लिनक्सची २००२ ची वूडी आवृत्ती बसवली आणि कर्नेल तिथे शिजवलं. प्रोसेसरच्या यादीत ४८६ निवडायचं. तिथे हौसेने पेंटियम निवडलं तर ४८६ वर कर्नेल सुरू होतानाच हात वर करतं, कारण पेंटियमच्या घड्याळाची जी सूचना त्याला हवी असते ती ४८६ ला ठाऊकच नाही. ext२ ही फाइलसिस्टिम आत बांधायची, मॉड्यूल म्हणून बाहेर ठेवायची नाही. मॉड्यूल डिस्कवर असणार आणि ते असल्याशिवाय डिस्क वाचता येणार नाही. मग कर्नेल मूळ डिस्क सापडत नाही म्हणून ओरडतं आणि गप्प होतं. मॉड्यूलची अख्खी सोयच मी काढून टाकली. जे हवं ते आत.

सगळ्यात जास्त वेळ मी रेंगाळतो तो गणिताच्या प्रश्नावर. ४८६ डीएक्समध्ये दशांश गणिताचा भाग चिपवरच असतो. एसएक्समध्ये तो नाही. सुरुवातीच्या एसएक्स चिपमध्ये तर तो भाग कोरलेला होता, पण इंटेलने बंद करून ठेवला होता. अशा मशिनसाठी कर्नेलमध्ये एक एम्युलेटर आहे, ऑस्ट्रेलियातल्या बिल मेट्झेंथेन यांनी लिहिलेला. प्रोग्रामने अपूर्णांकाचा गुणाकार मागितला की प्रोसेसर अडतो, “हे मला जमत नाही” अशी खूण करतो. कर्नेल ती खूण पकडतं, पूर्णांकांची जुळवाजुळव करून उत्तर काढतं, ते जागेवर ठेवतं आणि प्रोग्रामला पुढे सोडतं. प्रोग्रामला यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी कोप्रोसेसर आहेच. मदतीच्या मजकुरात किंमतही सांगितलेली आहे: कर्नेल ६६ केबीने वाढेल. आणि इथे सल्ला उलटा आहे. खात्री नसेल तर हो म्हणा.

हे ६६ केबी मी मोठ्या आदराने देतो. १२ टक्क्यांनी व्याज काढणारी चार ओळींची ऑक भाषेतली स्क्रिप्ट मी या मशिनवर चालवतो, तेव्हा तिचा प्रत्येक गुणाकार मेट्झेंथेन यांच्या हाताखालून जातो. पतसंस्थेत याच चिपने वर्षानुवर्षं व्याज काढलं. आता त्याच कामाचा रस्ता मला आतून दिसतो.

तयार कर्नेल दाबून ६०० केबीच्या आत बसलं. फ्लॉपीवर जागा १४,७४,५६० बाइट. उरलेल्या जागेत बिझीबॉक्स. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये डेबियनच्या फ्लॉपीसाठी सुरू केलेली ही चीज: एकच फाइल, पण ज्या नावाने हाक माराल ते काम करते. ls म्हणा, cp म्हणा, sh म्हणा. फ्लॉपीवरून सगळं डिस्कवर उतरवलं आणि लिलो बसवला, म्हणजे कर्नेलला उठवणारा छोटा प्रोग्राम.

लिलोची एक गोष्ट मला फार थोर वाटते. तो आपलं नाव एकेक अक्षराने उमटवतो, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक पायरी पार पडल्याची खूण. एल आलं, म्हणजे पहिला भाग जागा झाला. आय आलं, म्हणजे दुसरा भाग डिस्कवरून मेमरीत आला. तिथेच थांबलं, तर तो भाग आला पण चालला नाही, आणि बहुधा डिस्कच्या मापांत गफलत आहे. माझ्याकडे तेच झालं. बॅटरी गेल्यावर बायोस डिस्कची मापं विसरलं होतं आणि त्याने स्वतःच्या मनाने भलतीच धरली होती. डिस्क काढून तिच्यावरच्या पिवळ्या पडलेल्या लेबलावरचे आकडे वाचले: सिलिंडर, हेड, सेक्टर. ते बायोसमध्ये हाताने भरले. पुढच्या वेळी चारही अक्षरं आली, मग कर्नेल मेमरीत येत असल्याची ओळ, त्या ओळीमागे सरकणारे ठिपके, आणि प्रोसेसरचा वेग अजमावणारा तो बोगोमिप्सचा आकडा, साडेसोळाच्या आसपास. ३३ च्या ४८६ ला तेवढाच यायला हवा.

एक सल मात्र आहे. या काळ्या पडद्यावर मराठी उमटत नाही. व्हीजीएच्या अक्षर-पडद्यात एका वेळी फार तर ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरं, वेलांट्या मागेपुढे सरकवण्याची अक्कल त्यात नाही. डॉसच्या जमान्यात ती अक्कल वेगळ्या कार्डाने पुरवली होती: आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेलं जिस्टचं काम पुण्याला सी-डॅकमध्ये आलं आणि स्लॉटमध्ये बसणाऱ्या कार्डावरून देवनागरी पडद्यावर येऊ लागली. तसं कार्ड मिळालं तरी २.४ च्या प्रश्नांच्या रांगेत त्याचं नाव मला दिसत नाही. एवढी जागा हौशी रेडिओला मिळाली आणि आपल्या लिपीच्या कार्डाला एक ओळ मिळाली नाही, याचं मला वाईट वाटतं. दोष दुसऱ्या कुणाचा नाही, ती ओळ लिहायचं काम आपल्यातल्याच कुणाचंतरी होतं.

लोक विचारतात, एवढ्या जुन्या मशिनचं काय करायचं? मला अशा वेळी वारणेची आठवण येते. १९९८ मध्ये वारणानगरला सहकारी कारखान्याभोवतीच्या, कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या ७० गावांना संगणकाने जोडण्याचा मोठा प्रकल्प उभा राहिला. गावात केंद्र, केंद्रात संगणक. शेतकरी तिथे येऊन उसाची नोंद, वजन, तोडीची माहिती विचारणार. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी तिथे बसून पाहिलं, की माणसं या संगणकाला प्रत्यक्षात विचारतात काय. विचारणं अगदी मोजकं होतं. मग सात गावांत आठ महिने त्यांनी संगणकाच्या जागी साध्या फोनवरचे एसएमएस ठेवून पाहिले. संगणक करत होता ते सगळं एसएमएसने केलं, कमी खर्चात, आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं. त्यांनीही पहिला प्रश्न डाव्या अंगाच्या रिकाम्या कंसाचाच विचारला होता: हे लागतंय का? माझ्या ४८६ वर आता महिन्याचा दूध-किराण्याचा हिशेब होतो आणि प्रिंटरच्या पोर्टवर फाइल ढकलली की डॉट मॅट्रिक्स ती रोमन अक्षरांत छापते. एवढ्याला ८ एमबी पुरून उरतात.

नव्या कर्नेलने जुन्यांचा हात हळूहळू सोडला आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ३.८ पासून ३८६ ला जागा नाही. ज्या चिपवर लिनक्स जन्मलं तिलाच बाहेर काढलं म्हणून हळहळणारे होते. पण कारण खरं होतं. ३८६ मध्ये काही सूचना मुळातच नाहीत, त्यांच्यासाठी केलेल्या पळवाटा अनेक प्रोसेसरांच्या आजच्या यंत्रांत पायात येत होत्या, आणि त्या सांभाळायला माणसं लागत होती. मला तो निर्णय पटतो. कारण जुन्या आवृत्त्या कुणी काढून घेतलेल्या नाहीत. ०.०१ पासूनचं सगळं आजही उतरवून घेता येतं, वाचता येतं, बांधता येतं.

ते आता लागणारच आहे. तासगावकडच्या एका मित्राच्या द्राक्षबागेतल्या शेडमध्ये फवारणीच्या पंपामागे एक ३८६ निघाला आहे, ४ एमबीचा. छाटणी उरकली की घेऊन येतो म्हणालाय. बॅटरी आधीच काढून ठेव, असं त्याला कळवलंय. ४ एमबीत २.४ ची घुसमट होईल, तेव्हा १९९६ ची २.० मालिका घ्यावी लागेल, गणिताचे केबी पुन्हा द्यावे लागतील, आणि प्रोसेसरच्या यादीत या खेपेला सगळ्यात वरची ओळ निवडायची आहे.